सही घेण्याआधी पेन तपासा

माझं सांगलीत स्टेशनरीचं दुकान आहे. सह्या जमवायचा नाद त्याहून जुना, शाळेतला. ऑटोग्राफ बुक घ्यायला कुणी आलं की मी आधी विचारते, "सही कोणत्या पेननं घेणार?" असं का विचारते, ते २०१९ च्या महापुरात आहे.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. माझ्या तीन वह्या तळमजल्यावरच्या कपाटात, अगदी खालच्या खणात होत्या. पाणी ओसरल्यावर चिखलातून काढल्या. शाईपेननं केलेल्या सह्या गेलेल्या. पानभर फिकट निळा ढग, आणि निबनं कागदात पडलेली बारीक चर तेवढी बोटाला लागत होती. एका ज्येष्ठ गायिकेनं स्वतःच्या शाईपेननं सही करून त्याखाली ‘सा’ लिहून दिला होता, तोही त्या ढगात गेला. त्याच्या शेजारच्याच पानावर साध्या पाच रुपयांच्या बॉलपेनची सही मात्र जशीच्या तशी. पानामागे मी पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखाही शाबूत होत्या.

बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याला सहज दाद देत नाही. शाईपेनच्या बहुतेक शाया पाण्यात विरघळतात. म्हणून वहीसोबत दोन पेनं ठेवा: एक चांगलं चालतं बॉलपेन आणि एक पिगमेंट शाईचं (म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं) बारीक टोकाचं पेन, जे चित्रकार रेखाटनाला वापरतात. ही शाई वाळली की पाण्यानं पसरत नाही आणि उन्हातही लवकर उडत नाही. जेलपेन नको. गुळगुळीत कागदावर ते लवकर वाळत नाही, हात लागला की फराटा उठतो. चकचकीत फोटोवर किंवा सीडीच्या वेष्टनावर सही हवी असेल तर परमनंट मार्कर न्या. जुन्या तबकडीचं काळं कव्हर असेल तर रुपेरी पेंट मार्कर लागतो. तो आधी हलवायचा, रद्दी कागदावर टोक दाबून रंग उतरवायचा, मग टोपण लावून खिशात ठेवायचा. ही खटपट घरी करायची. समोर कलाकार उभा असताना मार्कर हलवत बसलात तर त्याचा वेळ तुम्ही खाल्लात.

वही शिवलेल्या बांधणीची घ्या, म्हणजे सपाट उघडते. गुलाबी-पोपटी पानांच्या वह्या दिसायला गोड असतात, त्या माझ्याकडेही आहेत, पण त्यांचा कागद पातळ असतो आणि शाई मागे उतरते. पांढरा, १०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वरचा कागद उत्तम. भरलेल्या पानांना रबरबँड लावून ठेवलं की कोरं पान एका झटक्यात उघडतं. एका माणसाला एक पान द्या. पानावर जागा उरली म्हणून दुसऱ्याची सही तिथे घेऊ नये असं माझं मत आहे. संघाच्या सह्या मात्र एकत्रच शोभतात. १९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिनचा एमसीसी संघ, म्हणजे इंग्लंडचा क्रिकेट संघ, भारतात आला होता. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या बहिणीच्या वहीत, त्या संघाच्या सह्या असलेल्या पानावर गांधीजींनी सतरावा खेळाडू म्हणून सही केली. त्या पानावर खाली जागा होती, ही केवढी मोठी गोष्ट!

आता कुठे आणि कधी. आमच्या भागात गाण्याच्या माणसाला मिरजेसारखं ठिकाण नाही. थोर गवई उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात संगीत सभा होते. इथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोठमोठे कलाकार जवारी काढून घ्यायला, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद नेमका करून घ्यायला, स्वतः येतात. अशा वेळी दुकानाबाहेर थांबा. जवारी लागत असताना गवयाचा कान त्या तारेत असतो, तेव्हा वही पुढे केली तर सही मिळेल, पण माणूस मिळणार नाही. मैफिलीआधी तंबोरे जुळत असतानाही तेच. मैफल संपली, साथीदारांना नमस्कार झाले, पाणी पिऊन झालं, की जा. आणि तबलजींना, हार्मोनियमवाल्यांना विसरू नका. माझ्या वहीतली सगळ्यात प्रेमानं केलेली सही एका तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येची आहे. तिच्याकडे कुणी पहिल्यांदाच मागितली होती. तिनं आधी गुरूंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, मग तिनं ओढणीनं बोट पुसून पेन धरलं.

नाटकाचं गणित वेगळं. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात मी मध्यंतरात आत कधीच जात नाही. नट तेव्हा भूमिकेत असतो. पडदा पडल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, रंग उतरवून मंडळी बाहेर येतात आणि बसमध्ये सामान चढेपर्यंत मोकळी असतात. त्या दिवशीचं तिकीट जपून ठेवा, सही त्याच्या मागे घेतली तरी चालते.

कुस्तीच्या मैदानावर, म्हणजे कुंडलसारख्या ठिकाणी, पैलवानाच्या हाताला तांबडी माती आणि घाम असतो. मी ओला नॅपकिन घेऊन जाते. आधी तो द्यायचा, मग वही. हरलेल्या पैलवानाकडे त्या दिवशी मागू नका, पुढच्या मैदानाला मागा.

क्रिकेटच्या वस्तूंचं थोडक्यात: बॅटवर परमनंट मार्कर, पांढऱ्या चेंडूवर बॉलपेन, लाल चेंडूवर रुपेरी किंवा सोनेरी. स्मृती मानधना सांगलीत वाढली, त्यामुळे हल्ली आमच्याकडे मुलीही बॅट घेऊन मार्कर मागायला येतात, आणि मला फार बरं वाटतं.

समोर गेलात की तोंडातून काय निघावं? "मी तुमची खूप मोठी फॅन" हे सगळेच म्हणतात. एक नेमकी गोष्ट सांगा. "बुवा, नमस्कार. मारव्यात धैवतावर थांबलात तेव्हा अंगावर काटा आला. सही द्याल का?" एवढं पुरे. टोपण काढलेलं पेन आणि उघडलेलं पान त्यांच्या हाताच्या दिशेनं धरा. नाव घालून हवं असेल तर आधीच एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून न्या. कोऱ्या कागदावर नुसती सही द्यायला काही जण कचरतात, कारण त्यावर नंतर कुणी काहीही लिहू शकतं. नाव घातलं की तेही निर्धास्त होतात. नाही म्हणाले तर "काही हरकत नाही, गाणं फार आवडलं" म्हणून बाजूला व्हा.

भेट शक्य नसेल तर पत्र. हातानं लिहिलेलं, एकच पान, त्यांच्या कोणत्या कामाबद्दल लिहिताय ते स्पष्ट. सोबत दोन कोरी जाड कार्डं आणि स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. आत पुठ्ठ्याचा तुकडा घाला, कार्ड वाकत नाही. उत्तराला सहा महिने लागले तरी पुन्हा टोचू नका.

सही मिळाली की वही लगेच मिटू नका. मिनिटभर वारा लागू द्या, मग वर बटरपेपर ठेवा. त्याच रात्री पानामागे मऊ पेन्सिलीनं, दाब न देता, तारीख, ठिकाण आणि काय ऐकलं किंवा पाहिलं ते लिहा. लॅमिनेशन कधीही करू नका, उष्णतेनं त्यातला गोंद कागदावर कायमचा बसतो. वही भिजलीच तर उन्हात टाकू नका. पानांमध्ये टीपकागद घाला, पंख्याखाली ठेवा, कागद ओला झाला की बदला. मी त्या तीन वह्यांचे टीपकागद आठ दिवस बदलत होते.

आता त्या वह्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तो डबा माळ्यावर चढवते. ‘सा’चं पान अजून त्यात आहे. तिरप्या उजेडात धरलं की निबची चर दिसते.