जर्मनीतील शिष्यवृत्तीसाठी जर्मन भाषेची अट कशी पूर्ण करावी

‘जर्मनीत आता सगळे इंग्रजीतच शिकवतात, जर्मन काय, तिथे गेल्यावर आपोआप येते’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्यावर वाद घालण्याचे मी सोडून दिले आहे. पदव्युत्तर स्तरावर इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम भरपूर आहेत, हे खरे. परंतु सरकारी विद्यापीठांतील पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम आणि इतिहास, कायदा, शिक्षणशास्त्र, जर्मन साहित्य अशा विषयांचे पुढचे शिक्षण जर्मनमधूनच चालते. शिवाय फ्रीडरिश एबर्ट किंवा हाइनरिश ब्योल यांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानांकडे शिष्यवृत्ती मागायची तर किमान बी-टूच्या जर्मनचा पुरावा द्यावा लागतो (ए-वन ते सी-टू अशा भाषेच्या सहा पातळ्यांतली ही चौथी). हा लेख अशा अर्जदारांसाठी आहे. गुणपत्रिका, पासपोर्ट, एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे जर्मन यंत्रणेने तपासल्याचा दाखला) आणि बी-वनपर्यंतचा अभ्यास ही तयारी झालेली आहे, असे मी धरून चालते.

१. दोन अटी शेजारी ठेवून वाचा

शिष्यवृत्ती देणारी संस्था आणि प्रवेश देणारे विद्यापीठ या दोन वेगळ्या संस्था आहेत आणि त्यांच्या भाषेच्या अटीही वेगळ्या असतात. शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत ‘अर्ज करताना बी-वन’ किंवा ‘बी-टू’ असे लिहिलेले असते, आणि तेवढे वाचून अर्जदार निर्धास्त होतो. ज्या अभ्यासक्रमासाठी ती शिष्यवृत्ती मिळणार आहे, तो मात्र प्रवेशाच्या वेळी सी-वन मागतो. शिष्यवृत्तीचे पत्र हातात आहे आणि प्रवेश नाही, अशी अवस्था मी पाहिलेली आहे. म्हणून एका कागदावर दोन रकाने आखा आणि प्रत्येकात तीन गोष्टी लिहा: कोणती पातळी हवी, ती कोणत्या तारखेला सिद्ध करायची, आणि कोणत्या परीक्षेचे प्रमाणपत्र चालते.

चौथी गोष्ट प्रमाणपत्राच्या वयाची. टेस्टडाफ या विद्यापीठ-प्रवेशासाठीच्या जर्मन परीक्षेचा किंवा गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेच्या परीक्षेचा निकाल मुदतबाह्य होत नाही. तरीही शिष्यवृत्ती देणारी संस्था ‘दोन वर्षांपेक्षा जुने प्रमाणपत्र नको’ असे म्हणू शकते, आणि जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या, म्हणजे ‘डाड’च्या जाहिरातींत ही अट वारंवार दिसते. बारावीत असताना मिळवलेल्या बी-वनच्या प्रमाणपत्राचा पदवीनंतर उपयोग होईलच, असे समजू नका.

‘डॉइचलांडस्टिपेंडियम’ या महिना ३०० युरोंच्या शिष्यवृत्तीबद्दल नेहमी विचारले जाते. ती विद्यापीठांमार्फत, तिथे शिकणाऱ्या किंवा प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळते. त्यामुळे तिच्यासाठी आधी प्रवेशाची भाषेची अटच ओलांडावी लागते.

२. परीक्षा निवडा

महाराष्ट्रात राहून तयारी करणाऱ्यासाठी खरी निवड टेस्टडाफ आणि गोएथे इन्स्टिट्यूटच्या परीक्षा यांच्यातच आहे. गोएथे इन्स्टिट्यूटला आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन म्हणतात. डीएसएच ही प्रवेशासाठीची जर्मन भाषेची परीक्षा मुख्यतः जर्मनीतील विद्यापीठे स्वतः घेतात. तिच्यात डीएसएच-टू ही बहुतेक अभ्यासक्रमांना लागणारी पातळी मिळवायला ६७ टक्के गुण लागतात, पण ती देण्यासाठी तिथे जावे लागते, म्हणून शिष्यवृत्तीच्या अर्जाची भिस्त तिच्यावर ठेवू नये.

टेस्टडाफमध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असून प्रत्येकाला तीन, चार किंवा पाच अशी स्वतंत्र श्रेणी मिळते. चारही भागांत चार मिळाले की भाषेच्या बाजूने बहुतेक सर्व अभ्यासक्रमांचे दार उघडते. गोएथेचे सी-टू प्रमाणपत्रही सर्वत्र चालते. सी-वन मात्र प्रत्येक विद्यापीठाच्या यादीत आहे की नाही, ते पाहावे लागते. माझे मत विचाराल तर विद्यापीठात जायचे असेल तर टेस्टडाफ द्यावी, कारण तिचे सारे विषय विद्यापीठाच्या वातावरणातले असतात आणि ती तयारी पुढे वर्गातही कामाला येते. शिष्यवृत्तीची अट फक्त बी-टूची असेल तर गोएथे बी-टू उत्तम. तिचे चार भाग सुटे देता येतात आणि प्रत्येकात शंभरपैकी ६० गुणांना उत्तीर्ण होता येते. काही अर्जांना ऑनसेट ही संगणकावरची गाळलेल्या जागांची परीक्षा किंवा डाडच्या छापील नमुन्यावर शिक्षकाने भरून दिलेला दाखला पुरतो. शिक्षकांकडे दाखला मागताना ‘जरा चांगली श्रेणी लिहा’ असे सुचवू नका. मुलाखतीत दोन मिनिटांत खरे काय ते कळते.

नावनोंदणी करताना नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहावे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी असते. त्या क्रमाने नोंदणी केलेल्यांना पुढे प्रत्येक कार्यालयात खुलासे देत बसावे लागते.

३. तारखा उलट्या मोजा

गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार शून्यापासून सी-वनपर्यंत पोहोचायला पंचेचाळीस मिनिटांचे सुमारे ८०० ते १००० तास लागतात. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्याला दहा तास धरले, तरी हा हिशेब दीड-दोन वर्षांवर जातो. ‘सहा महिन्यांत सी-वन’ अशी पाटी लावणाऱ्या एका क्लासमध्ये मी स्वतः पैसे भरले होते, त्यामुळे या विषयावर मी सौम्य बोलू शकत नाही. अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून मागे मोजा आणि निकालाचे आठवडे व नापास झाल्यास दुसऱ्या प्रयत्नाचे दोन-तीन महिने सोडून परीक्षेची तारीख ठरवा. केंद्रांवरच्या जागा लवकर भरतात.

४. बी-टूपर्यंत

हा टप्पा कोणत्याही बऱ्या क्लासमध्ये नियमित बसल्यास पार पडतो.

५. लेखन: सगळे इथेच अडकतात

माझ्या पहिल्या टेस्टडाफचा निकाल पाच, चार, चार आणि तीन असा आला. तीन लेखनात होते. वाचनातले पाच या तीनला भरून काढत नाहीत, कारण विद्यापीठ चारही भागांत चार मागत होते. काही विद्यापीठे एकूण बेरीज पाहतात. मला हवे होते ते त्यांत नव्हते. एक वर्ष गेले. त्या वर्षात मला जे कळले ते कोणत्याही क्लासने आधी सांगितले नव्हते, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते.

मी दिली तेव्हा परीक्षा कागदावर होती आणि साठ मिनिटांत एकाच लेखात आलेखाचे वर्णन आणि स्वतःचे मत लिहायचे असे. २०२० पासून संगणकावरची परीक्षा आली आणि लेखनाचे दोन भाग झाले. पहिल्या तीस मिनिटांत एखाद्या प्रश्नावर किमान दोनशे शब्दांत मुद्देसूद मत मांडायचे असते. दुसऱ्या तीस मिनिटांत एक उतारा आणि एक आलेख यांतून दिलेल्या प्रश्नाशी संबंधित तेवढीच माहिती शंभर ते दीडशे शब्दांत एकत्र करायची असते. स्वरूप बदलले, पण आपल्या चुका बदललेल्या नाहीत.

पहिली चूक शाळेतल्या निबंधाची. ‘आजच्या धावपळीच्या युगात’ अशी सुरुवात करून, विषयाचे महत्त्व सांगून, शेवटी दोन्ही बाजू बरोबर आहेत असे म्हणून आपण थांबतो. जर्मन परीक्षकाला पहिल्या दोन-तीन वाक्यांत तुमची भूमिका हवी असते. त्यानंतर तिचे कारण, कारणाला एक उदाहरण, मग विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आणि तो तुम्हाला का पटत नाही याचे उत्तर. प्रश्नासोबत जे मुद्दे विचारलेले असतात त्यांतला एकही सुटता कामा नये. मुद्दा सुटला की सुंदर व्याकरणही फारसे वाचवत नाही. तयार वाक्यांच्या याद्या पाठ करून लिहिणाऱ्यांनाही हेच सांगते. ‘एका बाजूने पाहता’ आणि ‘सारांश असा की’ यांच्यामध्ये तुमचे स्वतःचे वाक्य डळमळीत असेल, तर ते पाठांतर उलट उठून दिसते.

दुसरी चूक आलेखाची. मी सगळे आकडे ओळीने लिहीत असे. दुसऱ्या भागात आधी प्रश्न वाचा आणि त्याच्याशी ज्यांचा संबंध आहे असे दोन-तीन आकडेच उचला. उताऱ्यातलेही तेवढेच घ्या, स्वतःच्या शब्दांत लिहा आणि आपले मत अजिबात घालू नका. इथे ‘उम’ आणि ‘आउफ’ यांची गल्लत जवळजवळ प्रत्येक जण करतो. खरे तर ती मराठी माणसाने करायलाच नको, कारण आपल्याकडे हा फरक जसाच्या तसा आहे: ‘उम त्सेन प्रोत्सेंट’ म्हणजे दहा टक्क्यांनी वाढले आणि ‘आउफ त्सेन प्रोत्सेंट’ म्हणजे दहा टक्क्यांवर गेले. इंग्रजीतून विचार करणे सोडा आणि ‘नी’ की ‘वर’ एवढेच मनाला विचारा. प्रमाण वीसवरून तीस टक्क्यांवर गेले तर वाढ दहा टक्केबिंदूंची असते, दहा टक्क्यांची नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी चूक खास आपली आहे आणि ती परदेशी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ येतेच. म्हणून आपण ‘ओबव्होल’ने वाक्य सुरू करतो आणि स्वल्पविरामानंतर सवयीने ‘त्रोत्सडेम’ घालतो. जर्मनमध्ये ‘ओबव्होल’चे उपवाक्य संपले की लगेच मुख्य वाक्याचे क्रियापद येते, ‘तरी’ त्यातच सामावलेले असते. तेच ‘जो मुलगा पुण्यात राहतो, तो’ या रचनेचे. संबंधी उपवाक्यानंतर पुन्हा ‘एर’ म्हणजे ‘तो’ लिहिण्याचा मोह आवरा. उपवाक्यात क्रियापद शेवटी टाकणे इंग्रजीतून शिकणाऱ्याला जड जाते. आपल्याला ते जन्मजात येते. पण त्याच सवयीने आपण मुख्य वाक्यातले क्रियापदही शेवटाकडे ढकलतो, आणि तिथे ते दुसऱ्या जागीच असले पाहिजे. कारण सांगतानाही ‘व्हाइल’ क्रियापद शेवटी नेते आणि ‘डेन’ नेत नाही, पण मराठीत दोन्हींना ‘कारण’च म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. लिहून झाल्यावर शेवटची चार मिनिटे फक्त क्रियापदांच्या जागा तपासायला ठेवा. माझी श्रेणी तीनवरून चारवर गेली ती बव्हंशी या चार मिनिटांमुळे. (नामांच्या लिंगांना घाबरू नका. ‘पोरगं’ म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्याला ‘दास मेडशेन’चे, म्हणजे मुलीच्या नपुंसकलिंगाचे, काय नवल?)

सराव कसा करावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. आठवड्याला दोन लेख घड्याळ लावून, टंकलिखित करावेत, हाताने लिहू नयेत. जर्मन कळफलकावर वाय आणि झेडच्या जागा उलट असतात. परीक्षाकेंद्रात कोणता कळफलक मिळणार ते विचारून घ्या आणि त्याच मांडणीवर बोटे बसवा. लेख एकाच शिक्षकाला दाखवा आणि त्यांना चूक फक्त अधोरेखित करायला सांगा, दुरुस्त करायला नव्हे. दुरुस्ती तुम्ही करायची, आणि तीन दिवसांनी तोच विषय जुना लेख न पाहता पुन्हा लिहायचा. संगणकाकडून घासूनपुसून घेतलेला लेख वाचून लेखन सुधारते, असा माझा अनुभव नाही. त्याने फक्त समाधान वाढते. स्वतःच्या चुकांची एक वही ठेवा. माझ्या वहीत पहिल्या दोन महिन्यांत तीच सहा पाने पुन्हा पुन्हा भरली. त्यानंतर कधी तरी ती थांबली.

६. उरलेले तीन भाग

वाचनासाठी रोज एक जर्मन वृत्तपत्रीय लेख वाचा. श्रवणासाठी विद्यापीठांची व्याख्याने ऐका आणि ऐकताना टिपणे घ्या. संभाषण संगणकाशी असते. समोर माणूस नाही, मान डोलावणारे कोणी नाही आणि वेळ संपला की वाक्य अर्धवट राहिले तरी ध्वनिमुद्रण थांबते. म्हणून स्वतःचे बोलणे फोनवर मुद्रित करून ऐकण्याची सवय लावा. टेस्टडाफचे नमुना संच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ते वेळ लावून सोडवल्याशिवाय दुसरे पुस्तक विकत घेऊ नका.

७. अर्जातली भाषा आणि मुलाखत

प्रमाणपत्र झाले तरी भाषेची अट संपत नाही. प्रेरणापत्र, म्हणजे अर्जामागचा हेतू सांगणारे पत्र, जर्मनमध्ये मागितले असेल तर ते आपल्याच पातळीच्या जर्मनमध्ये लिहा आणि शिक्षकांकडून फक्त व्याकरण तपासून घ्या. पत्र सी-टूचे आणि मुलाखतीतला अर्जदार बी-वनचा, हे चित्र निवड समितीला नवीन नाही. मुलाखतीत आपला विषय आणि हेच विद्यापीठ का, हे तीन-चार मिनिटे न अडखळता सांगता आले पाहिजे. एखादा प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारायला सांगावा. न कळलेल्या प्रश्नाला दिलेले लांबलचक उत्तर हेच अनेकांना भोवते.

८. निवड झाल्यावर

डाडच्या अनेक शिष्यवृत्त्यांमध्ये अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी जर्मनीत दोन, चार किंवा सहा महिन्यांचा भाषावर्ग मिळू शकतो. ‘मला सी-वन येते, मला नको’ असे कळवू नका. टेस्टडाफमधले चार आणि सेमिनारमध्ये सगळे एकाच वेळी बोलत असताना आपला मुद्दा मध्ये घालता येणे, यांत अंतर आहे. ते भरायला हे महिने मिळतात, तेही दुसऱ्याच्या खर्चाने. मूळ प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत ठेवा आणि त्याच्या साक्षांकित प्रती आधीच करून घ्या, कारण प्रवेशनोंदणीच्या दिवशी मूळ प्रत दाखवावी लागते.