सिंगापूर–मलेशिया संबंधांवर प्रकल्प कसा लिहावा

मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात या विषयावर प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात 9 ऑगस्ट 1965 पासून, म्हणजे सिंगापूर मलेशियातून वेगळा झाला त्या दिवसापासून करावी. त्यानंतर लगेच व्यापाराच्या आकड्यांकडे न वळता 1962 चा पाणीकरार वाचावा. त्यानुसार सिंगापूरला 2061 पर्यंत शेजारच्या जोहोर या मलेशियन राज्यातील जोहोर नदीतून दररोज 25 कोटी गॅलन पाणी, हजार गॅलनला अवघ्या 3 सेन (सेन म्हणजे मलेशियन रिंगिटचा शंभरावा भाग) दराने, उचलता येते. शुद्ध केलेले काही पाणी मात्र जोहोर हजार गॅलनला 50 सेन देऊन परत घेते. या दरांवरून इतकी वर्षे कुरबुर का चालते, हे भातसा-वैतरणेच्या पाण्यावर जगणाऱ्या मुंबईकराला फारसे समजावून सांगावे लागू नये.

व्यापाराची आकडेवारी घेताना दोन्ही देशांच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. सिंगापुरातून मालाची पुनर्निर्यात (आयात केलेला माल पुन्हा बाहेर पाठवणे) मोठ्या प्रमाणावर होत असल्याने एकाची निर्यात आणि दुसऱ्याची आयात सहसा जुळत नाही; अशा वेळी सरासरी काढण्याचा मोह टाळून तफावतीचे कारण लिहावे, कारण परीक्षकाला तेच हवे असते. दोन्ही देशांनी दावा सांगितलेल्या पेड्रा ब्रांका बेटाबाबतचा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा 2008 चा निकाल एका परिच्छेदात आटोपता येईल. जानेवारी 2025 मध्ये करार झालेल्या जोहोर–सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राला मात्र स्वतंत्र प्रकरण द्यावे.