इमो अकूस्टिक बँड लाइव्ह ऐकायला जाताय? उभं कुठे राहायचं ते आधी ठरवा

इमो म्हणजे मनातली घालमेल उघड मांडणारं रॉक संगीत, आणि त्याच्या अकूस्टिक रूपात विजेविना वाजणारी साधी गिटार पुढे असते. तिकीट बँडने स्वतः दिलेल्या दुव्यावरूनच काढा आणि मोठी बॅग नेऊ नका. दार उघडण्याची वेळ आणि कार्यक्रमाची वेळ वेगळी असते, हे लक्षात ठेवून लवकर पोहोचा. पहिला, कमी नावाजलेला बँडही ऐका. त्याच्या वेळेत हॉलचा आवाज कुठे कसा लागतो ते फिरून पाहता येतं.

आता खरा प्रश्न जागेचा. मला हे कळायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण जो भेटतो तो एकच सांगतो: धावत जा, पुढचा कठडा पकडा. या संगीतासाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे. मोठ्या हॉलमध्ये मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात. गायकाचा आवाज त्यांतून निघून पहिल्या रांगेच्या डोक्यावरून मागे जातो. काही ठिकाणी स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर ठेवून ही उणीव भरून काढतात, पण सगळीकडे नाही. कठड्यापाशी थेट कानावर आदळतात ते ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारचे अँप, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारे स्टेजवरचे स्पीकर. अकूस्टिक गिटारचा स्वतःचा आवाज त्यापुढे टिकतच नाही. ती स्पीकरमधूनच ऐकू यायची. म्हणजे गायकाचा चेहरा दिसतो आणि शब्द हरवतात.

इमोमध्ये शब्द हरवणं परवडत नाही. 1980च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टन डीसीच्या हार्डकोर पंक या वेगवान, आक्रमक रॉकमधून हा प्रवाह निघाला तोच मनातली घालमेल उघड बोलण्यासाठी. पुढे डॅशबोर्ड कन्फेशनल या बँडचा गायक ख्रिस कॅरॅबा एकटा अकूस्टिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा तर आडोशाला ड्रमही उरले नाहीत.

म्हणून साउंड इंजिनिअरचं मिक्सर टेबल शोधा. तो तिथे जे ऐकतो त्यावरूनच आवाज जुळवतो. त्या टेबलाच्या चार-पाच पावलं पुढे, मध्यभागाच्या जवळ उभे राहा. टेबल कोपऱ्यात किंवा बाल्कनीखाली कोंबलेलं असेल तर त्याचा भरवसा धरू नका. तेव्हा दोन मुख्य स्पीकरांमध्ये जेवढं अंतर आहे, साधारण तेवढंच अंतर स्टेजपासून मधोमध मागे या. मागच्या भिंतीला टेकू नका, तिथे खर्ज साचून सगळं गढूळ होतं. आणि बारजवळ तर अजिबात नको! बाकीचा बँड आत जातो, गायक एकटाच गिटार छेडतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्हाला ग्लासांचा खणखणाट आणि गप्पा ऐकू येतात.

इअरप्लग न्याच. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत चालतो असं धरतात आणि दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. कार्यक्रम त्याहून कितीतरी लांबतो. मात्र स्वस्त फोमचे नकोत. ते वरच्या पट्टीचे स्वर जास्त कापतात, स-श-त सारखी व्यंजनं बोथट होतात आणि इतक्या खटपटीने मिळवलेले शब्द पुन्हा जातात. संगीतासाठीचे फिल्टरवाले घ्या.

सोबत गायचं का? जरूर. डॅशबोर्ड कन्फेशनलच्या 2002च्या एमटीव्ही अनप्लग्ड (अकूस्टिक वाद्यांवरच्या मैफलींचा टीव्ही कार्यक्रम) ध्वनिमुद्रणात प्रेक्षकांचा आवाज गायकाच्या बरोबरीने ऐकू येतो, आणि ती या प्रकाराची जान आहे. पण गायक माइकपासून मागे सरकला की मोकळ्या गळ्याने गा. तो हळू आवाजात कडवं म्हणत असताना शेजाऱ्याच्या कानात ओरडू नका. फोनवर एक गाणं टिपा, मग खिशात टाका.

एकट्या गिटारवरचं गाणं पुष्कळदा अगदी शेवटी, लोकांनी पुन्हा बोलावल्यावर येतं. तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ आधीच पाहा, आणि ती चुकण्याची शक्यता असेल तर परतीची दुसरी सोय करूनच घराबाहेर पडा.