जुन्या टू-स्ट्रोकचा कार्ब खोलायच्या आधी

जुनी टू-स्ट्रोक एटीव्ही (कच्च्या रस्त्याची चारचाकी बाईक) किंवा डर्ट बाईक नीट चालेना की आपला हात पहिला कार्ब्युरेटरला जातो, माझाही जायचा. एका गाडीत मी लागोपाठ तीन वेळा मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) मोठा केला, तरी थ्रॉटल सोडला की आवाज खाली यायलाच तयार नसायचा, गरम झाली की आपोआप रेस व्हायची, आणि शेवटी फुल थ्रॉटलला पिस्टन जाम झाला. इंजिन उघडल्यावर कळलं की क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं) मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक होऊन चिरलं होतं आणि तिथून हवा आत ओढली जात होती, कार्ब बिचारा ठणठणीत होता. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. म्हणून कार्ब खोलणं माझ्या यादीत बरंच खाली आहे आणि तुम्हीही ते खालीच ठेवा ही कळकळीची विनंती.

सुरुवात पेट्रोलपासून. टाकीत गेल्या सीझनचं असेल तर वास घेऊन विचार करत बसू नका, सगळं काढून टाका, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी पाइपांना, ओ-रिंगांनाही मऊ करतं. पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइलचं नवीन मिक्स करताना माप घेऊनच करायचं, ३२:१ (३२ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) असेल तर ५ लिटरला साधारण १५६ मिली ऑइल, ४०:१ असेल तर १२५ मिली, अंदाजपंचे ओतायचं नाही. आणि इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते ती नीट समजून घ्या, इंजिनच्या काळजीपोटी ऑइल जास्त टाकलं तर मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होत नाही, लीन (पेट्रोल कमी) होतं, कारण जेटमधून जाणाऱ्या तेवढ्याच थेंबांत पेट्रोल कमी झालेलं असतं. म्हणजे ऑइलचं प्रमाण बदललं की जेटिंग परत तपासावं लागतं. गाडीला मुळात ऑइल पंप होता का आणि तो अजून चालू आहे का हेही बघून घ्या, जुन्या गाड्यांमध्ये आधीच्या मालकाने पंप काढून टाकलेला असतो आणि नव्या माणसाला पत्ताच नसतो, तो नुसतं पेट्रोल भरतो आणि इंजिन जातं.

मग टाकीचं झाकण. त्याची हवेची वाट बुजली असेल तर गाडी मस्त सुरू होते, दहा-पंधरा मिनिटं पळते आणि मरते, झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि परत चालू. पेट्रोलचा पाइप कार्बकडून काढून बाटलीत धरा, धार अखंड पडली पाहिजे, तुटक पडत असेल तर कॉकमधली जाळी साफ करायची. एअर फिल्टरचा फोम हाताने ताणून बघा, जुना झाला की पीठ पडल्यासारखा चुरा होतो आणि तो चुरा सरळ इंजिनात जातो. फोमला फिल्टर ऑइल हवंच, कोरडा चालवू नका.

प्लग काढून बघा पण नवीन प्लगही जवळ ठेवा, कारण ओला झालेला जुना प्लग कधी कधी पुसूनही नीट स्पार्क देत नाही आणि आपण उगाच कार्बवर आळ घेतो. यामाहाची ब्लास्टर किंवा बॅन्शी असेल तर अजून एक जागा आहे, त्यांच्या थ्रॉटलला आणि कार्बला सेफ्टीचे स्विच असतात, थ्रॉटल सोडलाय पण स्लाइड (कार्बमधली हवेची वाट उघडझाप करणारा भाग) खाली आली नाही असं त्यांना वाटलं की ते इग्निशन तोडायला लागतात. वीस-तीस वर्षं चिखलपाणी खाल्लेल्या या स्विचांनी गडबड केली की मिसफायर अगदी जेट चोक झाल्यासारखा येतो.

आता एअर लीक, ही पायरी कुणीही गाळू नये. कार्ब आणि सिलिंडरच्या मधला रबरी बूट बोटांनी वाकवून बघा, भेगा वाकवल्यावरच दिसतात. रीड ब्लॉक (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पाकळ्यांचा ठोकळा) बाहेर काढून उजेडात धरा, पाकळ्यांचे कोपरे तुटलेत का, बसतात का सपाट. जमत असेल तर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून साधारण ६ पीएसआय हवा भरा आणि पाच-सहा मिनिटं काटा हलतो का बघा, हलला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, पण दाब यापेक्षा फार वाढवू नका, सील जागेवरून सुटतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं असेल तर तो प्रकार वेगळा, गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही.

इथवर सगळं ठीक निघालं तरच कार्ब. तोही लगेच खोलायचा नाही, आधी थ्रॉटलवर चिकटपट्टी लावून पेनाने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि एक चक्कर मारून गाडी नक्की कुठल्या खुणेला अडखळते ते लिहून ठेवा. पावच्या आत त्रास असेल तर पायलट जेट (कमी थ्रॉटलचा छोटा जेट) आणि त्याची हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू, पाव ते पाऊणमध्ये स्लाइडला लटकलेली सुई, त्याच्या पुढे मेन जेट. त्याच ठिकाणी चोक थोडा ओढून बघा, गाडी सुधारली तर लीन आहे, अजून गुदमरली तर रिच. कानालाही कळतं, लीन गाडी हवा गेल्यासारखी एकदम पडते, रिच गाडी भडभड करत ओढत राहते.

खोलायला मोकळी हवा, जवळपास ज्योत किंवा हीटर नाही, डोळ्याला गॉगल, खाली पांढरा ट्रे. जपानी कार्बचे स्क्रू दिसायला साध्या प्लससारखे असले तरी ते जेआयएस (जपानी स्टँडर्ड) मापाचे असतात, साध्या फिलिप्सने डोकी खराब होतात म्हणून त्याचाच स्क्रू-ड्रायव्हर आणा. एअर स्क्रू काढायच्या आधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे झाले ते मोजा, सुईची क्लिप कितव्या खाचेत आहे ते बघा, दोन्ही जेटांचे नंबर लिहा, फोटो काढा. फ्लोटची (कार्बमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) वाटी सांभाळून काढा, माझ्या एका गाडीत तळाला पाण्याचा मोठा थेंब पाऱ्यासारखा इकडून तिकडे गडगडत होता आणि त्याच्या खाली ॲल्युमिनियमचा पांढरा भुगा जमला होता, ते बघितल्यावर गाडी का अडखळते हे वेगळं शोधावं लागलं नाही.

पायलट जेट उजेडात धरा. नुसता प्रकाश दिसला म्हणून साफ समजू नका, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे, एका बाजूने कोर खाल्लेल्या चंद्रासारखं दिसत असेल तर आत वार्निश (जुन्या पेट्रोलचा चिकट थर) आहे. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं तर तो जेट कायमचा वाया गेला, कार्ब क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंका नाहीतर सरळ नवीन टाका. रबरी भाग मात्र क्लीनरमध्ये बुडवू नका, फुगतात. फ्लोटच्या सुईच्या टोकाला गोल घळ पडली असेल तर ती बदलायचीच, कारण ओव्हरफ्लोचं मूळ बहुतेक तिथेच असतं. जेट मागवताना त्याच कंपनीच्या कार्बचा घ्या, मिकुनी आणि केहिनचे नंबर सारखे दिसले तरी मोजायची पद्धत एक नाही.

बसवताना स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे, उलटी बसली तर पहिल्या किकलाच इंजिन फुल रेस होतं. किक मारायच्या आधी थ्रॉटल चार वेळा सोडून टक असा आवाज येतो का ऐका, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही ऐका, किल स्विच चालतोय का बघा, आणि तरीही इंजिन हाताबाहेर गेलं तर घाबरायचं नाही, चोक पूर्ण ओढायचा किंवा कार्बचं तोंड जाड कापडाने दाबून धरायचं.

ट्युनिंग गरम इंजिनवरच. एअर स्क्रू दीड फेऱ्यापासून सुरू करा, बाहेर काढला की लीन, आत घेतला की रिच, आणि सगळ्यात छान आयडल एक फेऱ्याच्याही आत मिळत असेल तर पायलट एक नंबर मोठा हवा, अडीचच्या पुढे जात असेल तर लहान. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मेन जेट मुद्दाम एक-दोन नंबर मोठा ठेवून सुरुवात करा, रिच गाडी प्लग काळा करते, लीन गाडी पिस्टन घेऊन जाते. मोकळ्या सरळ पट्ट्यावर फुल थ्रॉटल, तिथेच क्लच दाबून किल स्विच, मग प्लग काढून बघा, फिकट तपकिरी आला की थांबा, पांढरा दिसला तर तशीच परत चालवू नका. थंडीत हवा दाट होते तेव्हा जेट मोठा लागतो, उंच डोंगरावर लहान, म्हणून जे नंबर जमले ते तारीख आणि हवेसकट एका कागदावर लिहून सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून द्या.