चार दिवसांचा आठवडा करारात लिहिताना या चुका टाळा

चाकण, भोसरी किंवा रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात वेतनकराराच्या बैठकीत चार दिवसांच्या आठवड्याचा विषय निघाला, की दोन्ही बाजू ‘बारा चोक अठ्ठेचाळीस’ असा हिशेब मांडतात आणि लगेच पुढच्या मागणीकडे वळतात. पाढा बरोबर असतो. मात्र करारातली बाकीची सगळी कलमे आठ तासांचा दिवस गृहीत धरून लिहिलेली असतात आणि पाळी लांबली की त्यांतल्या ‘दिवस’ या शब्दाचा अर्थ कोणाच्या लक्षात न येता बदलतो. तंटे बहुधा तिथूनच सुरू होतात.

सर्वांत महाग पडणारी चूक भरपगारी रजेच्या कलमात होते. कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे या रजेसाठी वर्षात २४० दिवस काम भरावे लागत असे आणि कामाच्या दर २० दिवसांमागे एक रजा मिळत असे. आता आठवड्याला चार पाळ्या धरल्या तर वर्षाच्या पाळ्या होतात २०८. म्हणजे एकही खाडा न करणारा कामगारसुद्धा २४० चा आकडा गाठू शकत नाही. त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली आहे, तरी हातात २८ पाळ्यांचेच अंतर उरते आणि एखादे लांबलेले आजारपण ते सहज खाऊन टाकते. पुष्कळ जुन्या करारांत तर २४० हा आकडा स्वतंत्रपणे लिहिलेला असतो आणि तो तसाच पुढे नकलला जातो. यावरचा उपाय सोपा आहे. बारा तासांची एक पाळी हजेरीसाठी दीड दिवस धरली जाईल, असे एक वाक्य करारात घालावे. २०८ ची दीडपट ३१२ होते आणि सहा दिवसांच्या आठवड्याचे वर्षाचे दिवसही ३१२ च असतात.

रजा जमा करताना आणि खर्च करताना माप एकच ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जुन्या पद्धतीने ३१२ दिवसांवर १५.६ रजा मिळतात आणि आठ तासांच्या हिशेबाने त्यांचे १२४.८ तास होतात. नव्या पद्धतीने २०८ पाळ्यांवर १०.४ रजा मिळतात आणि बारा तासांप्रमाणे त्यांचेही १२४.८ तासच होतात. कामगाराचे नुकसान होते ते रजा पाळ्यांवर मोजून तिचा पगार मात्र आठ तासांचा दिला जातो तेव्हा. म्हणून रजेचे खाते तासांतच ठेवावे. १ मे किंवा १५ ऑगस्टची सुट्टी पाळीच्या दिवशी आली तर तिचे आठ तास द्यायचे की बारा, हेही त्याच ठिकाणी लिहून टाकावे.

मधल्या सुट्टीबाबत झालेली चूक मी स्वतः केली आहे. एका कारखान्याच्या वाटाघाटी समितीत असताना आम्ही ‘सकाळी ६ ते संध्याकाळी ६, १२ तासांची पाळी’ असे लिहून सह्या केल्या. जेवणाचा अर्धा तास आणि दुपारच्या चहाचा अर्धा तास कामात धरायचा की नाही, यावर त्या कागदात एक अक्षरही नव्हते. दुसऱ्याच महिन्याच्या पगारपत्रकात कामगारांकडून आठवड्याला चार तास ‘येणे’ दिसू लागले आणि दर तीन आठवड्यांनी एक पाळी भरून द्यावी, अशी व्यवस्थापनाची मागणी आली. मधली सुट्टी कामाच्या तासांत मोजली जात नाही, त्यामुळे व्यवस्थापनाचे गणित चुकलेले नव्हते, आमचे वाक्य चुकलेले होते. वास्तविक ४८ तास ही कमाल मर्यादा आहे आणि ४४ तासांवर पूर्ण पगार ठरवायला कायद्याची आडकाठी नाही, पण ते ठरवून लिहावे लागते.

दिवसाच्या तासांना कायद्याचा कोणता आधार आहे, हे करारात नमूद नसते. १९४८ च्या अधिनियमात दिवसाला ९ तास आणि मधल्या सुट्टीसह साडेदहा तास अशी मर्यादा होती, त्यामुळे पाच दिवसांत ४८ तास बसवणारी ९ तास ३६ मिनिटांची पाळीसुद्धा तिच्या बाहेर जाई. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ९ ची मर्यादा १२ करण्यास मंजुरी दिली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता अमलात आल्या, मात्र आठवड्याचे ४८ तास कायम राहिले. वर्तमानपत्राच्या कात्रणावर पाळी बदलू नये. ज्या कलमावर किंवा अधिसूचनेवर पाळी उभी आहे, त्याचा क्रमांक आणि दिनांक करारातच लिहावा, कारण कायद्याची मर्यादा दोघांच्या सहीने वाढत नाही. जादा कामाचा दुप्पट दर कोणत्या तासापासून सुरू होतो आणि पाचव्या दिवशी बोलावले तर पहिल्याच तासापासून तो मिळेल का, हेही त्याच कलमात यावे.

नुसते परिपत्रक सूचना फलकावर लावून पाळ्या बदलता येत नाहीत. कामाच्या तासांतील बदलासाठी २१ दिवसांची नोटीस औद्योगिक विवाद अधिनियमातही होती आणि औद्योगिक संबंध संहितेतही आहे. समझोत्यानुसार बदल होत असेल तर ती लागत नाही. कारखान्यात दोन संघटना असतील तर समेट अधिकाऱ्यासमोर (तंट्यात मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) सही करावी, कारण आपसातला समझोता फक्त सही करणाऱ्यांनाच बांधतो. प्रेस शॉपसाठी, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागासाठी, आणखी एक गोष्ट तपासावी लागते: आवाजाची ९० डेसिबलची मर्यादा आठ तासांच्या संपर्कासाठी आहे, बारा तासांसाठी नाही.

करार आधीच झाला असेल, तर एका कामगाराची तीन महिन्यांची पगारपत्रके आणि हजेरीचे पंचिंग शेजारी ठेवून तास जुळवावेत, करारात ‘दिवस’ हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे खूण करावी आणि तेवढ्याच कलमांचा पुरवणी करार मागावा. पूर्ण करार पुन्हा उघडायला व्यवस्थापन सहसा तयार होत नाही, अर्ध्या पानाच्या पुरवणीवर मात्र बोलणी होऊ शकतात.