कॉम्प्युटरमध्ये स्पायवेअर शिरलंय? या चुका टाळा

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागून मला सोळा वर्षं झाली. विंडोज सेव्हनची इलेव्हन झाली, पण स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणारा प्रोग्रॅम, शिरल्यावर माणसं ज्या चुका करायची, त्याच आजही करतात. स्पायवेअरने केलं नसतं तेवढं नुकसान या चुकांनी झालेलं मी पाहिलंय.

त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलणं

सगळ्यात महागात पडते ती ही. साताऱ्यातलं एक जोडपं घरातूनच लग्नपत्रिका आणि फ्लेक्स डिझाइन करून देतं. ऐन लग्नसराईत वहिनींचा फोन आला, "दादा, आमच्या पेजवरून कुणीतरी भलत्याच जाहिराती टाकतंय. पासवर्ड बदलला की दोन तासांत पुन्हा तेच." मी पोचलो तेव्हा टेबलावर शाळेची जुनी वही उघडी होती. तिच्यात एकाखाली एक चार पासवर्ड खोडलेले, पाचवा ताजा. पाचही त्याच कॉम्प्युटरवर टाइप केलेले.

"स्कॅन केलात का?"

"तीनदा केला. एकही व्हायरस नाही म्हणतोय."

मी विंडोज सिक्युरिटी उघडली आणि सेटिंग्जमधल्या एक्सक्लुजन्सवर गेलो. ज्या जागा तपासायच्या नाहीत, त्यांची यादी तिथे असते. यादीत एकच ओळ होती: सी ड्राइव्ह. अख्खा. डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, बिचारा सांगितल्याबरहुकूम सगळं सोडून देत होता आणि "धोका नाही" म्हणत होता.

ही ओळ आली कुठून? महिनाभरापूर्वी त्यांनी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवायची चोरवाट, उतरवला होता. सोबतच्या नोटपॅड फाइलमध्ये लिहिलं होतं, "आधी अँटीव्हायरस बंद करा, मग चालवा." त्यांनी तसंच केलं आणि परवानगीच्या खिडकीवर "येस" दाबलं. दाराची कडी आतून काढून दिल्यावर चोराला अजून काय हवं?

या जातीचं स्पायवेअर टाइप केलेलं तर टिपतंच, शिवाय ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीजही उचलतं. कुकी म्हणजे "हा माणूस आधीच लॉगिन झालाय" असा शिक्का. तो चोराच्या हाती लागला की बऱ्याच ठिकाणी त्याला पासवर्ड विचारलाच जात नाही, ओटीपीही नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी नेटची वायर काढायची, वायफाय असेल तर ते बंद करायचं. मग पासवर्ड बदलायचे ते फोनवरून, मोबाइल डेटा चालू करून. पहिला ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रिसेट तिथेच येतात. मग "सगळ्या उपकरणांवरून साइन आउट", म्हणजे जुने शिक्के बाद होतात. आणि एवढ्यावर न थांबता ईमेलमधले फिल्टर, फॉरवर्डिंग, रिकव्हरीचा नंबर हेही बघायचं. वहिनींच्या मेलमध्ये एक फिल्टर सापडला: पेजसंबंधीची प्रत्येक सूचना थेट ट्रॅशमध्ये. इतके दिवस धोक्याचे इशारे येत होते, त्यांच्या नजरेला एकही पडला नव्हता.

त्या रात्री मी विंडोज नव्याने टाकली. पत्रिकांची कामं अडली होती, "आज नुसतं साफ करून द्या" असा आग्रह होता, तरी मी ऐकलं नाही. पासवर्ड चोरणारं काही सापडलं की त्या विंडोजवर माझा विश्वास उरत नाही. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह मात्र दुसऱ्या, धडधाकट कॉम्प्युटरवर बनवायचा.

दिसतं तेवढंच उपटणं

होमपेज बदललं, सर्च भलत्याच पानावर जातंय, म्हणून लोक ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, काढतात. दुसऱ्या दिवशी ते परत हजर. हे गवत वरून कापण्यासारखं आहे, मूळ जमिनीतच राहतं.

ते तीन ठिकाणी सापडतं. पहिलं टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी विंडोजची सोय: तिथे "अपडेट" असं सभ्य नाव घेतलेली एखादी नोंद बसलेली असते आणि लॉगिन होताच ॲपडेटा फोल्डरमधली फाइल चालवते. आता खऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदीही असतात, म्हणून घाईने पुसू नका, ॲक्शन्समध्ये कुठली फाइल चालते ते वाचा. दुसरं सिंक, म्हणजे एकाच खात्यावरचे सगळे ब्राउझर सारखे ठेवणारी सोय: इथे काढलेलं एक्स्टेन्शन खात्यातून किंवा मुलाच्या लॅपटॉपवरून पुन्हा उतरतं, तेव्हा सफाई होईपर्यंत सिंक बंद. तिसरं कुणाच्या लक्षात येत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोमच्या मेनूत अगदी तळाशी "मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन" दिसलं, तर थांबा. घराला कुठली आली ऑर्गनायझेशन? काही अँटीव्हायरसमुळेही ते दिसतं, पण बरेचदा कुणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) पॉलिसी, म्हणजे सक्तीचा नियम, घुसवून एक्स्टेन्शन कायमचं ठोकलेलं असतं.

मी सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स वापरतो. मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आहे, आणि विंडोजसोबत काय काय सुरू होतं ते सगळं एका जागी दाखवतं. यादी लांबलचक असते, वाचायला अर्धा तास जातो. तो अर्धा तास द्यायचा नसेल, तर "पुन्हा आलं" म्हणून आठवड्याने फोन करावाच लागतो.

बाकीच्या चुका

एकावर एक अँटीव्हायरस टाकू नका. दोघांचंही रिअल-टाइम रक्षण चालू राहिलं की ते एकमेकांनाच अडवतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन आधी करा. विंडोज सुरू होण्याआधीच तो तपासतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात. एक्सक्लुजन्स मात्र त्याआधी बघा.

रजिस्ट्री क्लीनर लावू नका. त्याने स्पायवेअर निघत नाही, चालू असलेली विंडोज बिघडू शकते.

फॉरमॅट केल्यावर पेनड्राइव्हमधले जुने सेटअप परत चालवू नका. फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा घ्या. प्रोग्रॅम मूळ ठिकाणाहून नव्याने उतरवा. मोफत मराठी फॉन्ट शोधताना जे भलंमोठं हिरवं "डाउनलोड" बटण दिसतं, ते बहुधा जाहिरातीचं असतं. फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. ईएक्सई उतरली तर चालवू नका.

कोपऱ्यात सारख्या "व्हायरस सापडला" अशा पट्ट्या येत असतील, तर ते बहुतेक स्पायवेअर नसतंच. कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. साइट सेटिंग्जमध्ये जाऊन ती काढा. एवढ्यासाठी फॉरमॅटचे पैसे देऊन बसलेले लोक मला भेटलेत, फार वाईट वाटतं.

आणि स्क्रीनभर लाल इशारा येऊन फोन नंबर दिसला, तर तो नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. एफ-इलेव्हन किंवा आल्ट-एफ-फोर दाबा, नाहीच गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. घरातल्या आजी-आजोबांना हे एकदा समोर बसवून करून दाखवा, कारण घाबरून फोन लावणारे बहुधा तेच असतात. फोन लावून समोरच्याला एनीडेस्कचा, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आकडा सांगून झाला असेल, तर बोलणं ऐकत बसू नका. आधी राउटरचं बटण बंद करा. मग बँकेला फोन करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, उद्या सकाळी नाही.