‘हिबिके! युफोनियम’ पाहायची कशी, आणि मुख्य म्हणजे ऐकायची कशी

क्योतोजवळच्या उजी शहरातलं किताउजी हायस्कूल, तिथला फुंकवाद्यांचा वृंद, आणि डोळ्यांसमोर अखिल जपान स्पर्धा. क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओच्या या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचं कथानक एवढ्यात सांगून होतं. तरी माणसं तिच्यात अडकतात, कारण इथल्या मुलींचे स्वभाव वाजवण्यातून ऐकू येतात. कोण जीव तोडून रियाज करते, कोण हात राखून वाजवते, हे संवादांच्या आधी सुरांतून कळतं. तेव्हा पाहण्याची तयारीही कानांपासून करावी.

फोनच्या स्पीकरवर ही मालिका लावू नका. युफोनियम मंद्रातलं वाद्य आहे. एकही व्हॉल्व्ह न दाबता निघणारा त्याचा खालचा बी फ्लॅट साधारण ११६ हर्ट्झचा असतो, आणि फोनमधून तो पातळ होऊन येतो. मग नायिका ओउमाए कुमिको काय वाजवते आहे हेच हरवतं. साधे पण कान झाकणारे हेडफोन पुरेत. (युफोनियम म्हणजे काय असा प्रश्न पडला तर वरातीतला बँड आठवा. पोटाशी धरलेलं, तोंड वर असलेलं ते जाडजूड पितळी वाद्य बहुतेकदा हेच असतं.) वेग १.५ वर नेऊ नका. इथल्या शांततेलाही अर्थ आहे.

आवाज जपानीच ठेवा. कुमिको मोठ्यांशी बोलते तो आवाज आणि मनातल्या मनात बोलते तो आवाज, यांत फरक आहे. दुसरा खालचा, कोरडा. कधीकधी मनातलं चुकून तोंडातून निसटतं, आणि तिथेच ती खरी कळते. सबटायटल्समध्ये हे येत नाही. संबोधनांकडेही कान द्या. ट्रम्पेटवाली कोउसाका रेइना आधी आडनावाने, आदराच्या ‘सान’सकट, ‘कोउसाका-सान’ असते. ती नुसती ‘रेइना’ कधी होते ते टिपा.

क्रम असा: पहिला सीझन (२०१५, १३ भाग), दुसरा सीझन (२०१६, १३ भाग), ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’ (२०१८), ‘चिकाइ नो फिनाले’ (२०१९), ‘एन्सेम्बल कॉन्टेस्ट’ (२०२३) हे तीन चित्रपट, तिसरा सीझन (२०२४, १३ भाग). सगळं मिळून वीसेक तास. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे दुसऱ्यावरून थेट तिसऱ्या सीझनवर उडी. कुमिकोचं दुसरं वर्ष २०१९च्या चित्रपटात आहे. तो गाळला तर हिसाइशी कानादे कोण, ती अशी तिरकस का बोलते, काहीच लागत नाही. ‘लिझ’ एकटाही पाहता येतो, पण ओबो वाजवणाऱ्या मिझोरेची आणि बासरीवाल्या नोझोमीची गाठ दुसऱ्या सीझनमध्ये बसते, म्हणून तो नंतरच बरा. त्यातली चित्रशैली वेगळी आहे, दचकू नका. आधीच्या सीझनांचे संक्षिप्त चित्रपटही आहेत. सुरुवात त्यांनी करू नये, कारण ‘हळूहळू’ हाच या मालिकेचा प्राण आहे आणि तोच तिथे कापला जातो.

स्पर्धेचे नियम आधी ठाऊक असले तर ताण समजतो. मंचावर जास्तीत जास्त ५५ वादक. नेमून दिलेली आणि स्वतः निवडलेली अशा दोन्ही रचना मिळून १२ मिनिटं. सुवर्ण अनेक संघांना मिळतं, पुढच्या फेरीत त्यांतले मोजकेच जातात. सुवर्ण मिळूनही रडायचं का, हे पहिल्या भागाच्या पहिल्याच प्रसंगात त्यामुळे उलगडतं. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी ज्यांनी केल्या आहेत त्यांना हे वातावरण ओळखीचं वाटेल: घड्याळ, निवड, आणि ज्याला संधी मिळाली नाही त्याच्यासोबतच रोजचा सराव.

पहिल्या सीझनचा तिसरा आणि चौथा भाग सलग पाहा. एकच साधी रचना आधी विस्कटलेली ऐकू येते आणि मग, ताकी सरांनी घासून घेतल्यावर, जुळलेली. वादन खऱ्या संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचं आहे, आणि कच्चेपणही मुद्दाम तोलून वाजवलेलं आहे. आठव्या भागात दोघी रात्री वाद्यं घेऊन दाइकिचियामा टेकडी चढतात. तिथे रेइनाचं बोट कुमिकोच्या कपाळावरून नाकाकडे उतरतं, तेवढ्या क्षणासाठी तरी खोलीतला दिवा घालवा.

अकरावा भाग मात्र दोनदा ऐकण्याचा. ट्रम्पेटचा तोच सोलो आधी काओरी वाजवते, मग रेइना. पहिल्यांदा सरळ पाहा. दुसऱ्यांदा डोळे मिटा. काओरीचा सूर मऊ आणि नेटका आहे, त्यात उणं काढायला जागा नाही. रेइनाचा सूर सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. काओरी वाईट असती तर प्रसंग सोपा होता. ती चांगली आहे, लाडकी आहे, शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून टाळ्या वाजवायला हात उचलत नाहीत.

दुसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात सात मिनिटांहून अधिक काळ संवादाविना फक्त वादन आहे. इथे हात पुढे ढकलण्याच्या बटणाकडे जातो, तो आवरा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनमध्ये साडेसात वर्षांचं अंतर आहे. १८ जुलै २०१९ला स्टुडिओत लावलेल्या आगीत ३६ जण गेले. या मालिकेची पात्रं रेखाटणाऱ्या इकेदा शोको त्यांत होत्या. तिसरा सीझन पाहताना ते मनात असू द्या.

आणि त्या सीझनच्या बाराव्या भागाआधी इंटरनेटवर काहीही वाचू नका, मूळ कादंबरी वाचली असली तरी. पडद्यामागून तोच तुकडा दोनदा वाजतो, वाजवणारी दिसत नाही. दोन्ही ऐकून झाले की थांबवा, जास्त पटलेलं वादन कोणतं ते कागदावर १ किंवा २ असं लिहा, आणि मगच पुढे चालू करा.